केशरच्या पेटीत अखेर 52

बाहेर ठाण्यात, वर्तकनगरात पाऊस कोसळतोय, खिडकीतला मीटर 91 टक्के आर्द्रता दाखवतोय आणि माझ्या पाळीव कॉर्न स्नेकच्या, केशरच्या पेटीत गरम बाजूला आर्द्रता 52, थंड बाजूला 61. पावसाळा लागल्यापासून हा आकडा बघायला जीव आसुसला होता. त्यात आज तिने कातही टाकली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, दोन्ही डोळ्यांच्या चकत्यांसकट. ती कात वहीच्या पानांत दाबून ठेवली आहे.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की केशरच्या पोटाकडच्या काही खवल्यांच्या कडा तपकिरी दिसताहेत. डॉक्टरांनी स्केल रॉटची, म्हणजे खवले कुजण्याची सुरुवात म्हणून सांगितलं, औषध दिलं आणि तळाचा कोकोहस्क (नारळाच्या सोडणाचा भुसा) काढून टिश्यू पेपर अंथरायला लावला. पण टिश्यूसुद्धा संध्याकाळपर्यंत दमट व्हायचा. म्हणजे पाणी भांड्यातून येत नव्हतं, हवेतूनच येत होतं.

काहीजण म्हणाले, फ्लोरिडातही दमट असतं आणि कॉर्न तिथलाच. बरोबर आहे. पण तिथे त्याला कोरड्या सालीखाली सरकता येतं, वर चढता येतं, वारा मिळतो. बंद पेटीत साचलेली हवा आणि ओला तळ हे दुखणं आहे, निव्वळ मीटरवरचा आकडा नव्हे.

पहिला उपाय सगळेच सांगतात तो: पेटीची भोकं वाढवा. मागच्या बाजूला आणखी दोन जाळ्या बसवल्या. फरक शून्य, कारण आत येणारी हवाच नव्वदची. मग तळाच्या हीट मॅटचा, तापणाऱ्या चटईचा थर्मोस्टॅट वर नेला. तळ तापला, हवा तशीच. मॅट पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. इथे कोडं सुटलं. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा आहे तशीच 31 अंशांवर नेली, तर त्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता 71 च्या आसपास उतरते. म्हणजे तापवायची ती हवा, आणि तीही वरून.

म्हणून मॅट काढून 60 वॉटचा सीएचई, म्हणजे प्रकाश न देता फक्त उष्णता देणारा सिरॅमिक हीटर लावला, वीज हळूहळू कमी-जास्त करणाऱ्या डिमिंग थर्मोस्टॅटवर. होल्डर पोर्सिलेनचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. पोर्सिलेनचा मुंबईच्या लोहार चाळीत सहज मिळतो. भोवती जाळीचा पिंजरा हवाच, साप उघड्या सिरॅमिकला विळखा घालतो आणि भाजतो. पीव्हीसी फोम शीटपासूनही अंतर ठेवा, ती उष्णतेने वाकते. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारागिराने पेट्या कापून दिल्या, त्याने छताला ॲल्युमिनियमची पट्टी स्वतःहून सुचवली. असा माणूस सापडला की सोडू नये.

सीएचईने गरम बाजूची आर्द्रता सत्तरवर आली, थंड बाजूची मात्र 85 वरच अडली. थंड बाजू तापवून चालत नाही, मग सापाला गार व्हायला जागाच उरत नाही. आता पेटी सोडून खोलीकडे वळावं लागलं. पेल्टियरवाले छोटे डिह्युमिडिफायर घेऊ नका, एवढ्या पावसात ते खोलीला पुरत नाहीत. कॉम्प्रेसरवाला आणला आणि खोली 62 वर आली. त्याची टाकी भरलेली बघताना मला जो आनंद होतो तो तुम्हीच समजू शकाल. तो खोली थोडी तापवतोही, त्यामुळे केशरची थंड बाजू 28 अंशांना टेकते. मला 26 आवडलं असतं.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी मीटर तपासले. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, मीटरसोबत झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर. सकाळी 75 दिसायला हवं. चिकटवायचे काटेवाले मीटर या परीक्षेत साफ नापास झाले. डिजिटल घ्या आणि त्याचा प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) तळाजवळ ठेवा, साप तिथे राहतो.

आता माझ्या दुसऱ्या सापाची, बॉल पायथन मोगराची बाजू. केशरसाठी खोली कोरडी केली आणि बॉलची पेटी 50 वर घसरली. त्याला साठ-सत्तर हवी, कात टाकताना आणखी. आफ्रिकेतही बॉल दिवसाचा बराच वेळ बिळांत, वाळवीच्या वारुळांत काढतात, म्हणून त्याला हवा दमट आणि तळ वरून कोरडा, असं जमवायचं. वरची जाळी अर्धी ॲक्रिलिकने झाकली, कोकोहस्कचा खालचा थर भिजवला आणि एका हाईडमध्ये, लपायच्या खोक्यात, ओलं मॉस (शेवाळ) भरलं. आता 66 वर स्थिर आहे.

चार फुटी टँकमध्ये मधे काच टाकून दोघांना ठेवता येईल का, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. काचेच्या वरून हवा एकच, वास एकच, त्यात एकाला 50 आणि दुसऱ्याला 66 देता येत नाही. मोकळं एकत्र ठेवणं तर नकोच. कॉर्न प्रसंगी दुसरा सापही गिळतो, भक्ष्य टाकलं की ओढाताण होते, आणि उलटी दिसली तर कोणाची ते कळत नाही. पायथनमधला नायडोव्हायरस (श्वसनाचा विषाणू), कॉर्नमधला क्रिप्टो (पोटातला परजीवी), दोन्हींवर खात्रीचा इलाज नाही. माझ्याकडे चिमटे, भांडी, पुसायची फडकी, सगळं वेगवेगळं आहे.

हे लिहिताना एक सुचलं. सध्या मोगराची पेटी खाली आणि केशरची वर आहे. खालच्या सीएचईची उष्णता वरच्या तळाला लागते, तिचे 28 त्यातूनही येत असणार. मग पेट्या उलट्या लावायच्या. केशर खाली, गार फरशीजवळ, मोगरा वर, आणि मधे दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे तिची उष्णता त्याच्या तळात चढणार नाही. प्रत्येक पेटीला आपला थर्मोस्टॅट आधीपासून आहे. एका प्रोबवर दोन हीटर चालवणाऱ्यांनी ते आजच बंद करावं, दुसऱ्या पेटीत काय चाललंय ते त्या प्रोबला कळतच नाही.

नव्यांसाठी: बॉल सायटिसच्या (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मोगराची झाली आहे. आणि येऊरच्या पायथ्याशी सापडलेली धामण पाळू का, असं कृपया विचारू नका. आपले साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तिला वनविभागाकडेच द्यायचं.

पट्ट्या उद्या कापून येतील. अदलाबदलीनंतर दोन्ही पेट्या रिकाम्या चालवून आकडे बघेन, तोवर दोघं वेगवेगळ्या टबांत राहतील. केशरची थंड बाजू 26 ला आली तर तिला पुन्हा कोकोहस्क देते, पातळ थराचं.