एमआर-१ च्या चौकोनातली तारीख

गोवंडीचा सतरा महिन्यांचा मुलगा. आईने लसीकरणाचं कार्ड पुढे केलं, "सिस्टर, आज गोवराची दुसरी सुई ना?" एमआर-१ च्या, म्हणजे गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या डोसाच्या, चौकोनात तारीख होती, डिसेंबर २०२२ ची. पण नऊ महिन्यांच्या त्याच ओळीत पीसीव्हीचा (न्यूमोकोकल न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा) बूस्टर कोरा, व्हिटॅमिन ए कोरं. ही तिन्ही एकाच दिवशी देतात. जन्मतारीख पाहिली: मे २०२२. म्हणजे सुई टोचली तेव्हा बाळ सात महिन्यांचं.

त्या हिवाळ्यात मुंबईत गोवराची साथ होती आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना शिबिरांत एमआरचा जादाचा, शून्य डोस देत होते. कार्डावर त्याला चौकोन नव्हता, म्हणून कुणीतरी पहिल्या चौकोनात तारीख घातली. पुढे नऊ महिने भरल्यावर आई दुसऱ्या एका केंद्रात गेली, तर "झालाय, दीड वर्षाला या" म्हणून परत पाठवलं. वय मोजायला अर्धं मिनिट लागतं. ते कुणी मोजलं नाही, याचा राग अजून जात नाही.

शून्य डोस हिशेबात धरायचाच नसतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं त्या वयात बाळाच्या अंगात उरलेली असू शकतात आणि ती लसीतल्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूला वाढू देत नाहीत. नऊ महिन्यांनंतरचा पहिला डोससुद्धा शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच लागू पडतो. उरलेल्यांसाठी दुसरा. या मुलाचे दोनपैकी झाले किती? एकही नाही.

याच्या उलटी चूकही रोजची. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, तिसरा डोस लांबला की लोक घाबरून पहिल्यापासून सुरू करायला सांगतात. तशी गरज नसते. राहिला तिथून पुढे, मध्ये किमान चार आठवडे.

त्या एका मुलासाठी एमआरची पाच डोसांची वायल (लसीची कुपी) उघडली. "आणखी चार मुलं जमू देत" म्हणून आईला परत पाठवणं मला मान्य नाही. एका मुलासाठीही वायल उघडायची, असाच नियम आहे. लसीची पूड विरघळवायचं द्रावक त्याच कंपनीचं आणि लसीइतकंच थंड, २ ते ८ अंश. कोमट द्रावकाने लस वाया जाते. वायलवर वेळ लिहिली, ११.१०. चार तासांनी उरलेली टाकायचीच, कारण तीत जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं. ०.५ मिली, उजव्या दंडात, त्वचेखाली. डाव्या मांडीत डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, उजवीत पीसीव्ही, मग पोलिओचे दोन थेंब आणि व्हिटॅमिन ए २ मिली. "एका दिवशी तीन सुया?" आई कासावीस झाली. जागा वेगवेगळ्या असल्या की चालतं, हे समजावून अर्धा तास बसवून घेतलं.

जुन्या तारखेशेजारी 'शून्य डोस' लिहिलं, खाली आजची तारीख, एमआर-२ पुढे चार आठवड्यांनंतरची. त्या शिबिराच्या रजिस्टरमधलं त्या दिवसाचं पान मागवलंय. त्यातली सगळी बाळं आता दीड वर्षाची झाली असतील, आणि त्यांच्या आयाही 'दुसरी' सुई मागायला येतील.