९९७ आणि १०६८

डग्लस जार्डिन जन्माने मुंबईकर. १९०० साली मलबार हिलवर जन्मला, वडील इथे बॅरिस्टर होते. मैदानावरच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे बघतच राहतात. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनला रोखण्यासाठी आपल्या लारवूड या बॉलरला अंगावर चेंडू टाकायला लावणारा बॉडीलाइनवाला जार्डिन आपल्या गावचा! डिसेंबर १९३३ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार म्हणून परत इथे आला आणि बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी खेळला. लाला अमरनाथांचं ११८ त्याच सामन्यातलं.

मला मात्र त्याचं १९१९ साल जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा तो विंचेस्टर कॉलेजच्या संघाचा कर्णधार होता. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच, १३८२ सालची, मुलांनी तिथेच राहून शिकायचं. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे हार्डी तिथले, एव्हरेस्टवर हरवलेला मॅलरी तिथला, व्हाइसरॉय वेव्हेल आणि ऋषी सुनकही तिथलेच. जार्डिनने त्या एका हंगामात शाळेकडून ९९७ धावा केल्या. हजाराला तीन कमी. हा विक्रम चाळीस वर्षं टिकला.

१९५९ मध्ये तो मोडला मन्सूर अली खान पतौडीने. तोही शाळेचा कर्णधारच, धावा १०६८.

याच्या वडिलांचं आठवा. बॉडीलाइन मालिकेत थोरले पतौडी इंग्लंडकडून खेळत होते. सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी १०२ केले, पण जार्डिनने लेगला लावलेल्या फिल्डरांच्या सापळ्यात उभं राहायला नकार दिला. दुसऱ्या कसोटीनंतर ते संघाबाहेर गेले. १९५२ मध्ये ते वारले, त्या दिवशी मुलाचा अकरावा वाढदिवस होता. आणि जार्डिन गेला १९५८ मध्ये. पोराने १०६८ केले तेव्हा दोघांपैकी कोणीच नव्हतं. क्रिकेटमध्ये मला याहून जवळचा विक्रम दुसरा नाही.

मी आझाद मैदानावर शालेय सामन्यांचं स्कोअरिंग करतो, म्हणून हे सगळं लिहितोय. विंचेस्टरकडे पैसा होता, राखलेली मैदानं होती, ह्यूबर्ट डॉगर्टसारखा कसोटी खेळलेला माणूस शिक्षक होता. आमच्याकडे शेजारच्या मॅचचा फिल्डर आमच्या पिचजवळ उभा असतो आणि बॉलर बदलला की मी लांबूनच ओरडून नाव विचारतो. तरीही ओव्हर संपली की बॅट्समनच्या धावा, एक्स्ट्रा आणि बॉलरचा हिशेब जुळलाच पाहिजे. लेगबाय, म्हणजे चेंडू पायाला लागून निघालेली एक्स्ट्रा धाव, चुकून बॉलरच्या खात्यात गेला तर तो तिथल्या तिथे शोधायचा, लंचची वाट बघायची नाही. पोरं मागे येऊन उभी राहतात, “काका, माझे किती झाले?” त्यांना मी वहीतला आकडा बोट ठेवून दाखवतो.

१९१९ ची वही नीट ठेवली होती म्हणून १९५९ मध्ये विक्रम मोडल्याचं कळलं. वही जपायला श्रीमंती लागत नाही. आपल्याकडच्या एका शाळेत जुना विद्यार्थी स्वतःच्या शतकाचं पान शोधायला गेला, तर रंगकाम काढलं तेव्हा सगळी स्कोअरबुकं रद्दीत गेल्याचं त्याला सांगितलं. ते शतक मी लिहिलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पतौडीचा उजवा डोळा १९६१ च्या मोटार अपघातात गेला. तरी १९६४ च्या दसऱ्याला ब्रेबॉर्नवर आपण ऑस्ट्रेलियाला दोन गडी राखून हरवलं, त्यात त्याचे ८६ आणि ५३, शेवटी चंदू बोर्डे नाबाद ३०. हे आकडे कुणालाही सहज मिळतात. शाळेतल्या पोरांचे मिळत नाहीत. तुमच्या शाळेच्या कपाटात किंवा जुन्या सरांच्या घरी माळ्यावर स्कोअरबुकं असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. पानं सुटली असतील तर आधी मोबाईलवर फोटो काढा, तारीख आणि दोन्ही संघांची नावं दिसतील असे. अक्षर लागत नसेल तर मला पाठवा, मी वाचून देईन.