फीडचा नॉब काचेवर नको

मी भोसरीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन कामाला लावून देणारा. दिवसभर स्क्रीनसमोरच उभा असतो, त्यामुळे मला जुन्या बटणांचा सोस आहे असं कुणी म्हटलं की हसू येतं. प्रोग्रॅम एडिट करायचा, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) भरायचा, ग्राफिकवर टूलचा मार्ग तपासायचा, तर टच स्क्रीनच हवा. पण नव्या प्रोग्रॅमचा पहिला जॉब काढताना?

तेव्हा सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू, रॅपिड म्हणजे न कापता धावण्याचा वेग अगदी कमी आणि फीड ओव्हरराइडचा, म्हणजे कापण्याचा वेग कमी-जास्त करायचा, नॉब शून्यावर. सायकल स्टार्ट दाबून डावा हात नॉबवर ठेवायचा आणि एकेक खटका उघडत जायचं. ‘डिस्टन्स टू गो’ किती शिल्लक आहे ते मधूनच बघून घेतो, पण टूल जॉबजवळ आलं की नजर टोकावरून हलवायची नाही. अंतर पटलं नाही तर मनगट आधी उलटं फिरतं, डोकं नंतर पोचतं. हात कूलंटने माखलेला असतो. बोटात एखादी बारीक चिप रुतलेली असते. अशा बोटाला काच किती दाद देते ते आमच्या पोरांना विचारा.

इमर्जन्सी स्टॉपचा लाल मशरूमही तसाच. दाबला की आत अडकून राहतो, पिळून सोडवावा लागतो, आणि सोडवला म्हणून मशीन आपोआप सुरू होत नाही. अडकून राहणं, हातानेच सोडवणं आणि आपोआप सुरू न होणं, हे आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलंय.

आता गाड्यांकडे बघा. मेहुण्याच्या नव्या गाडीत हॅझर्ड सोडला तर डॅशबोर्डवर बटण म्हणून नाही. पावसात ताम्हिणीत पुढची काच धुरकटली. हवेचा झोत काचेवर घ्यायचा तर आधी नकाशा बाजूला सारा, मग एसीचं पान उघडा, मग चित्रातल्या काचेवर बोट ठेवा. खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलतीकडेच. शेजारी मी होतो म्हणून निभावलं. एकटा असता तर घाटातच बाजूला घ्यावी लागली असती. बाकी गाडी झकास आहे हो, तक्रार तेवढीच.

स्वीडनच्या ‘वी बिलागारे’ या मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली होती. ताशी ११० किमी वेगाने गाडी चालवत रेडिओ, एसी वगैरेची चार ठरलेली कामं करायची. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. २००५ च्या व्होल्वोमध्ये, म्हणजे बटणांच्या गाडीत, १० सेकंद लागले. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या टचवाल्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले. अंतर १,३७२ मीटर!

अमेरिकी नौदलाचा धडा याहून महागात पडला. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका आणि एक टँकर यांची टक्कर झाली आणि १० नौसैनिक गेले. थ्रॉटल, म्हणजे वेगाचं नियंत्रण, टच स्क्रीनवरून दुसऱ्या कन्सोलवर द्यायचे होते, त्यासोबत सुकाणूही तिकडे गेलं आणि सुकाणूवरच्या माणसाला वाटलं ते बंदच पडलं. त्यात जहाजाचे पंखे फिरवणाऱ्या दोन्ही शाफ्टचे थ्रॉटल स्क्रीनवर जोडलेले नव्हते, त्यामुळे वेग एकाच बाजूचा कमी झाला आणि जहाज डावीकडे वळलं. तपासात अपुऱ्या प्रशिक्षणावरही ठपका आहे, सगळं काचेवर ढकलणं बरोबर नाही. पण खरे दांडे असते तर एक पुढे आणि एक मागे आहे हे लांबूनही दिसलं असतं. २०१९ मध्ये नौदलाने या वर्गाच्या जहाजांवर पुन्हा हाताचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं.

गाडीवाल्यांचं गणित मला कळतं. प्रत्येक स्विचला साचा, वायरिंग, जुळणी. स्क्रीन एकदा बसवला की पुढचं सगळं सॉफ्टवेअरवर. पण गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी युरोपातली ‘युरो एनकॅप’ ही संस्था २०२६ पासूनच्या नियमांनुसार इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (संकटात मदत बोलावणं) यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापते. वायपर पानात शोधायला लावणारे आता कसे वठणीवर येतात बघू.

आमच्याकडे दिवाळीनंतर नवं मशीन येतंय. विक्रेत्याचा माणूस पूर्ण टच पॅनेलचं मॉडेल दाखवत होता. फीडचा नॉब कुठाय विचारलं, तर म्हणाला, तो वेगळा ऑप्शन आहे. मालकांनी तिथल्या तिथे ऑर्डरमध्ये तो लिहायला लावला, आणि हँडव्हीलही, म्हणजे मशीन हाताने थोडं थोडं सरकवायचं चाक.