कॅन चेंदायची घरगुती मशीन: माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची पोती साठायला लागली आणि त्यांचा बंदोबस्त करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. निवृत्त माणूस रिकामाच असतो, असा आमच्या नागपूरच्या मनीषनगरात पक्का समज आहे.

३३० मिलीचा ॲल्युमिनिअमचा कॅन भरतो जेमतेम १४ ग्रॅम. किलोभर व्हायला ७० कॅन लागतात, आणि तेवढ्यात पोतं तुडुंब. कबाडीवाला पैसे वजनाचे देतो, पण पोती बघितली की म्हणतो, "काका, गाडीत जागा नाही." ११५ मिमी उंचीचा कॅन दाबून २५ मिमीवर आणला तर त्याच पोत्यात चौपट माल मावतो. भाव एक पैशानं वाढत नाही, जागा मात्र मोकळी होते. मला तेवढंच हवं होतं.

भिंतीवर ठोकायचा, एका बाजूला बिजागरी असलेला दांडा बरेच जण करतात. एक बघायला मिळाला, चालवूनही पाहिला. त्यात गोम अशी, की बिजागरीवरचा दांडा कमानीत फिरतो. त्याची फळी कॅनवर आधी एका कडेला टेकते, मग कॅन तिरका होऊन सटकतो किंवा केळ्यासारखा वाकतो. म्हणून मी आडवा प्रकार निवडला. कॅन खाचेत आडवा ठेवायचा, एका टोकाला पक्की पाटी, दुसऱ्या टोकाकडून सरळ रेषेत सरकणारा ठोकळा.

इथे कॅनचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. त्याची भिंत सुमारे ०.१ मिमीची असते. तरीही धडधाकट रिकामा कॅन उभा ठेवून त्यावर हळूच, तोल सांभाळून उभं राहिलं तर ६०-७० किलोचा माणूस तो पेलतो. तेवढ्यात कुणी बाजूनं बोटानं टिचकी मारली की क्षणात चपटा! म्हणजे खरा जोर लागतो तो पहिली घडी पडेपर्यंत. पुढचं काम किरकोळ. दांडा लांब करत बसण्यापेक्षा कॅनचे गाल आधीच दाबून घ्यावे, हे मला जास्त पटलं.

सामानासाठी इतवारीतली लोहा ओळी गाठली. मे महिना असल्यामुळे सकाळी दुकानं उघडताच. दुकानदारानं यादी वाचली आणि विचारलं, "काका, हे कायचं बनवून राहिले?"

"कॅन चेंदायची मशीन."

"त्याले मशीन कायले पाहिजे? पाय द्या ना!"

पाय देऊन झालेला होता. कॅन चपलेला चिमट्यासारखा बसतो आणि फाटलेली कड ब्लेडसारखी लागते.

पाया आणि दोन्ही बाजूंच्या भिंती १९ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायच्या केल्या. भिंतींमध्ये ७५ मिमी अंतर, कारण नेहमीच्या कॅनचा व्यास ६६ मिमी. आतून पातळ पत्रा मारला. खाचेच्या तोंडाशी दोन्ही भिंतींतून एकेक गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट आत काढला, डोकी समोरासमोर, मध्ये ५८ मिमी जागा. कॅन वरून आत दाबला की 'कटक' आवाज येतो आणि दोन्ही गाल आत जातात. सगळ्या यंत्रात मला सगळ्यात आवडलेली जागा हीच! ठोकळ्याची उंची बोल्टांपेक्षा कमी ठेवली, त्यामुळे तो खालून निघून जातो. २५० मिलीचे बारीक कॅन ५३ मिमीचे असतात, ते बोल्टांत न अडकता आत जातात. त्यांचे गाल आधीच अंगठ्यानं दाबून घेतो.

सरकणारा ठोकळा सागवानाचा, लांबी १२० मिमी. खाचेच्या रुंदीपेक्षा ठोकळा बराच लांब नसला तर थोडा तिरका जोर पडला तरी तो आडवा फसतो. बाजूंना सनमायका लावून दोन्हीकडे मिळून २ मिमी फट सोडली. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि जुलैत फुगतं, मेमध्ये घट्ट बसवलेला ठोकळा पावसाळ्यात हलणार नाही. अधूनमधून मेणबत्ती घासली की पुरे.

हँडलला चौरस पाइप घेतला, ७० सेंमी लांब. हँडल ज्या खालच्या खिळीवर फिरतं तिच्यापासून १० सेंमीवर लोखंडी पट्टीची जोडदांडी, तिचं दुसरं टोक ठोकळ्याला. हातानं १५ किलोचा जोर लावला तर ठोकळ्यावर ढोबळमानानं १०० किलो पडतात, थोडा घर्षणात जातो. पाटी मात्र ६ मिमीची लोखंडी घेतली आणि मागून दोन एल-अँगलचा टेका दिला, कारण सगळा मार तिथेच बसतो. फिरत्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणि दोन्हीकडे वॉशर. साधा नट चालता चालता ढिला होतो.

पाटीला लागून तळात ३५ मिमीची आरपार फट आहे. अख्खा कॅन तिच्यातून जात नाही, चपटी चकती मात्र खालच्या बादलीत पडते. उरलेलं कोल्ड्रिंकही तिथूनच गळतं. ते साचू दिलं तर मुंग्यांची जत्रा भरते. ठोकळा पाटीच्या २५ मिमी अलीकडे थांबावा म्हणून रबरी अडसर ठेवला आहे.

सोसायटीत मुलं आहेत, म्हणून काम झालं की हँडलच्या भोकात खिळी घालून कुलूप लावतो. डिओ, डास मारायचे स्प्रे असले डबे यात कधीच घालायचे नाहीत, आत दाब उरलेला असतो. आणि आधी चुंबक लावायचा. चिकटला तर डबा लोखंडी, तो वेगळा.

पहिलं पोतं कबाडीवाल्यापुढे ठेवलं तेव्हा तो खूश होईल असं वाटलं होतं. त्यानं एक चकती उचलली, उलटसुलट केली, पक्कडीनं उचकटून आत बघितलं. चेंदलेल्या कॅनमध्ये वजनासाठी रेती भरणारे लोक त्याला भेटलेले असावेत. आणखी दोन-चार उघडून बघितल्यावरच काटा लावला. आता मी पोत्याच्या तोंडाशी मूठभर चकत्या मुद्दाम अर्धवट दाबलेल्या ठेवतो, म्हणजे त्याला पक्कड काढावी लागत नाही.