व्हीटी२२० ते सन अल्ट्रा ५ : ब्रेक अखेर खाडीपार पोचला

माझ्या जुन्या व्हीटी२२० टर्मिनलवरून (नुसता पडदा आणि कीबोर्ड) मित्राच्या घरचा जुना संगणक सन अल्ट्रा ५ चालवायचा खटाटोप सुरू आहे. मागच्या नोंदीपर्यंत साखळी जुळली होती, लॉगिन येत होतं, पण चालू सनला थांबवणारा ‘ब्रेक’ संकेत द्यायला एफ५ दाबून काही म्हणता काही होत नव्हतं. आता होतं. शिवाय एक नवं लचांड मागे लागलंय, तेही सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी: नौपाड्यात माझ्या टेबलावर डेक कंपनीचं व्हीटी२२० आहे. मॉडेल १९८३चं, माझा नग तुर्भ्याच्या भंगारातून आलेला, पडदा अंबर. त्याच्या पंचवीस पिनी पोर्टातून नल मोडेम केबल (पाठवायची आणि घ्यायची तार उलटवलेली), मग यूएसबी कन्व्हर्टर, मग रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक. पलीकडे कोपरखैरण्याला मित्राच्या घरी दुसरा पाय, परत कन्व्हर्टर, परत नल मोडेम आणि शेवटी सन अल्ट्रा ५. टर्मिनल, कन्व्हर्टर, सन हे तिघंही डीटीई, म्हणजे मोडेम नव्हे तर टोकाची यंत्रं, म्हणून दोन्हीकडे तारा उलटाव्या लागतात. सनला कीबोर्ड मुद्दाम लावलेला नाही. सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही की ती आपणहून सिरियल पोर्ट ए ला कन्सोल, म्हणजे आपला मुख्य पडदा-कीबोर्ड, धरते, ९६०० बॉडवर.

आम्हा दोघांच्याही घरच्या नेटला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, नाही. म्हणून भाड्याचा एक छोटा सर्व्हर मध्ये ठेवून वायरगार्डचा एन्क्रिप्टेड बोगदा काढलाय. पलीकडच्या पायवर सेर-टू-नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्राम) चालतं, टेलनेट मोडमध्ये. टेलनेट पासवर्डसकट सगळं उघडं पाठवतं, तेव्हा बोगद्याबाहेर ते पोर्ट दिसता कामा नये. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे ‘चालू दे’ आणि ‘थांब’ हे इशारे, मात्र माझ्याच पायवर मिटवतो. टर्मिनलने ‘थांब’ म्हटलं तर निरोप कोपरखैरण्याला जाऊन परत यायची वाट कशाला बघायची?

९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, अक्षराला दहा धरून ९६० अक्षरं. ८० गुणिले २४चा पडदा भरायला दोन सेकंद लागतात. मला ही चाल आवडते, वाचता वाचता ओळी येतात.

आता ब्रेक. सन चालू असताना तिला ओपनबूट या फर्मवेअरच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर आणायचं तर सिरियल कन्सोलवरून ब्रेक द्यावा लागतो. गोची अशी की ब्रेक हे अक्षरच नाही. ९६००ला एक अक्षर साधारण एक मिलिसेकंदात जातं. एफ५ दाबलं की टर्मिनल पाव सेकंदाच्या आसपास रेषा नुसती ‘स्पेस’ला, म्हणजे धन व्होल्टेजला, धरून ठेवतं. तारेवर हे ठीक आहे, पण नेटवर्कवर फक्त बाइट जातात. माझ्या पायवर पोचल्यावर लिनक्स त्या ब्रेकचं एकतर इंटरप्ट करत होतं नाहीतर शून्य बाइट. दोन्हीचा पलीकडे उपयोग नाही.

तोडगा टर्मिऑसच्या, म्हणजे लिनक्सच्या सिरियल पोर्ट सेटिंग्जच्या, पारमार्कमध्ये निघाला. इग्नब्रेक (ब्रेक दुर्लक्षिणं) आणि ब्रेकइंट (ब्रेकचं इंटरप्ट करणं) दोन्ही बंद, पारमार्क चालू. मग ब्रेक आला की वाचणाऱ्या प्रोग्रामला २५५, ०, ० असे तीन बाइट मिळतात. खरा २५५ आला तर तो दोनदा येतो, म्हणजे घोटाळा नको. गंमत म्हणजे टेलनेटचीही हीच रीत: २५५ म्हणजे ‘पुढे आज्ञा आहे’, आणि खरा २५५ पाठवायचा तर दोनदा. मग पायथनमध्ये छोटा दुभाष्या लिहिला: २५५, ०, ० दिसलं की टेलनेटची ब्रेक आज्ञा, २५५, २४३, पुढे ढकलायची. सेर-टू-नेट ती ओळखतं आणि सनच्या तारेवर खराखुरा ब्रेक देतं. एफ५ दाबलं, अंबर पडद्यावर ‘ओके’ उमटलं. ‘गो’ टाइप केलं, सोलारिस (सनची ऑपरेटिंग सिस्टीम) होतं तिथून पुढे चालू.

आता लचांड. परवा संध्याकाळी बघतो तर पडद्यावर ‘ओके’. मी एफ५ला हातही लावला नव्हता. मित्र गावाला गेलेला, म्हणून त्याच्या आईला फोन केला.

‘काकू, तो घरघरणारा डबा बंद पडलाय का?’

‘नाही रे, चालूच आहे. मघाशी जरा लाइट गेली होती, पण त्याला काही झालं नाही. वायफायचं तेवढं गेलं आणि आलं.’

इथेच उलगडा झाला. सन यूपीएसवर आहे, पाय आणि राउटर साध्या प्लगवर. लाइट गेली की कन्व्हर्टर मरतो, मरताना रेषा डगमगते, आणि सनला तोच ब्रेक वाटतो. टर्मिनल बंद केल्यावर सन थांबते ही जुन्या अ‍ॅडमिन लोकांची नेहमीची तक्रार; माझ्याकडे ती लाइट जाण्याच्या निमित्ताने आली.

सोलारिस ८मध्ये यावर उपाय आहे: ‘केबीडी’ या आज्ञेला ‘आल्टरनेट’ सांगितलं की खरा ब्रेक दुर्लक्षिला जातो आणि रिटर्न, टिल्ड, कंट्रोल-बी हा क्रम त्याची जागा घेतो. बहुतेक जण हेच सुचवतील. मी करणार नाही. ती सोय सोलारिस चालू असेपर्यंतच, आणि एवढा खटाटोप करून एफ५ पोचवल्यावर तेच बंद करायचं हे मनाला पटत नाही. त्यापेक्षा पाय आणि राउटर सनच्याच यूपीएसवर घेतो. त्यावर दोन प्लग मोकळे आहेत असं काकूंनी बघून सांगितलंय.

त्यानंतरचं काम एनव्हीरॅमचं, म्हणजे सनची सेटिंग्ज आणि ईथरनेट पत्ता बॅटरीवर जपणाऱ्या चिपचं. एम४८टी५९ चिपमधली बॅटरी संपलीय, त्यामुळे वीज पूर्ण तुटली की सन ‘आयडीप्रॉम इनव्हॅलिड’ (ओळखीची माहिती चुकीची) म्हणून ओरडते आणि ईथरनेट पत्ता ‘ओके’वर हाताने भरावा लागतो. चिपचा माथा कोरून बाहेरून सीआर२०३२ ही बटण बॅटरी जोडणं कोणी केलं असेल तर कुठल्या बाजूने कोरलंत ते कळवा. ड्रेमेल (कोरायचं छोटं यंत्र) आहे, हात मात्र अजून धजावत नाही.