कळसूबाईची पाचवी माळ

नवरात्रात कळसूबाई चढणं आणि पावसाळ्यात ट्रेकला म्हणून चढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुलैत पायथ्याच्या बारी गावात बसच्या बस येतात, पोंचो, सेल्फी, धुकं, सगळं असतं. नवरात्रात मात्र निम्मी माणसं अनवाणी असतात, म्हाताऱ्या बाया लुगड्याचा काचा मारून पहाटे अंधारात निघालेल्या असतात, कोणाच्या पिशवीत खण-नारळ, कोणाच्या कडेवर तान्हं पोर. आम्ही चौघी मैत्रिणी नाशिकहून पाचव्या माळेला गेलो. एका मैत्रिणीची आई लग्न झाल्यापासून दर नवरात्रात वर जाऊन देवीची ओटी भरायची, आता काकूंचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून ओटी लेकीकडे आली, आणि ती अनवाणी चढणार म्हटल्यावर आम्हीही पायथ्याच्या देवळापाशी चपला-बूट काढले, कोणी कोणाला विचारलं नाही.

खाली भातखाचरं पिवळी व्हायला लागली होती. सोनकी तर असली फुलली होती की वाटेच्या दोन्ही बाजूंना नुसती हळद. सकाळी दवानं दगड गार होते, पायांना छान वाटत होतं, आणि मनात देवीचं नाव आपोआप चालू झालं.

मग शिड्या. लोखंडी शिड्यांपाशी जी गर्दी तुंबली होती ती काय सांगू, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर, आणि मागे एक पोरांचा ग्रुप ज्यांच्या खांद्यावर स्पीकर, त्यावर देवीच्या गाण्याचं डीजे रिमिक्स. मला खरंच खूप राग आला. आईच्या दारात आलायत ना, मग दोन तास तो आवाज बंद ठेवला तर काय बिघडतं? पाण्याच्या बाटल्या सरळ दरीत. मी एकदा बोलले, त्यांनी आवाज कमी केला, पुढच्या वळणावर परत वाढवला. पण त्याच पोरांनी शिडीवर थरथरणाऱ्या एका आजोबांना पुढून-मागून धरून वर नेलं हेही मी बघितलं, आणि तेही इथे लिहायलाच हवं.

शेवटच्या शिडीआधी विहीर लागते, तिथलं पाणी प्यायलो, आणि वर. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. देऊळ एवढंसं की आत दोन-तीन माणसं जेमतेम मावतात, त्यामुळे रांग. मैत्रिणीनं ओटी भरली, वर रेंज होती म्हणून काकूंना व्हिडिओ कॉल लावला, काकू काही बोलल्याच नाहीत, नुसता पदर पसरून हात जोडले. आम्ही सगळ्या रडलो. अलंग-मदन-कुलंग, रतनगड हे किल्ले, भंडारदऱ्याचं पाणी, सगळं स्वच्छ दिसत होतं.

खरी परीक्षा उतरताना. ऑक्टोबरचं ऊन, तापलेला काळा कातळ आणि सकाळी चढताना आलेले फोड. दुसरी शिडी उतरून खाली आले तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटला आणि खडी आत जाऊन बसली. पाऊल टेकवलं की कळ डोक्यात जायची. मैत्रिणी पुढे गेल्या होत्या, मी वाटेतल्या एका झापाच्या, म्हणजे झोपडीच्या, सावलीत टेकले. तिथं एक आजी लिंबू सरबत आणि काकड्या विकत होती. तिनं माझ्याकडे न बघता माझ्या पायाकडे बघितलं.

"दाव इकडं."

मी म्हटलं, राहू दे आजी, बँडेज आहे बॅगेत. तिनं ऐकलंच नाही. पाय ओढून मांडीवर घेतला. माझा मळका, रक्ताळलेला पाय! मला इतका संकोच वाटला, वयानं ती माझ्या आजीएवढी. हंड्यातलं पाणी घेऊन तिनं टाच धुतली, आणि ते पाणी तिच्या नातवानं पहाटे डोक्यावरून चढवलेलं, तिथं प्रत्येक ग्लास असाच कोणीतरी उचलून आणलेला असतो. मग झापामागून दगडीपाला खुडून आणला, तळहातावर चोळून रस पिळला. आग आग झाली, मी ओरडले. ती म्हणाली, "वरड, वरड. आई वरच बसलीय, ऐकती." मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली, आणि गाठ अशी बसवली की ती बारीपर्यंत सुटली नाही.

तोवर मैत्रिणी मला शोधत परत आल्या. आजीकडे पिठलं-भाकरी होती, पण आमचा उपवास, म्हणून तिनं शेंगदाणे आणि गूळ दिला. खाता खाता तिनं देवीची गोष्ट सांगितली, आपल्याला माहीतच आहे ती, कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला, केर-भांडी करणार नाही ही तिची अट, आणि पाहुणे आले तेव्हा तिला नेमकं तेच करायला लावलं. मुकाट्यानं केलं आणि मग डोंगरावर निघून आली ती कायमची. आजी हे सगळं आपल्या घरातल्या मुलीचं सांगावं तसं सांगत होती. भांडी घासली ती जागा कुठे, केर काढला ती कुठे, हात करून दाखवत होती. सरबत पिऊन झाल्यावर मी ग्लास विसळायला उचलले तर तिनं हातातून काढून घेतले. "ठिव खाली. या डोंगरावर लेकीबाळींला भांडी घासाय लावत न्हाई."

पैसे फक्त सरबताचे आणि शेंगदाण्यांचे घेतले. पाल्याचे द्यायला गेले तर रागावलीच. मी तिच्या पाया पडले, त्या दिवशी दुसऱ्यांदा देवीच्या पाया पडल्यासारखंच वाटलं, आणि हे मी मनापासून लिहितेय.

बारीत पोचलो तोवर अंधारलं होतं, जीप भरलेली, त्यातही तेच रिमिक्स. मैत्रिणीनं ड्रायव्हरदादांना सांगून ते बंद करायला लावलं आणि घोटी येईपर्यंत आम्ही आरत्या म्हटल्या, जीपमधल्या सगळ्यांनी.