जनरल पुलिकोव्स्की, ग्रोझनी ते खाबारोव्स्क

परवा सकाळपासून देवळालीच्या रेंजवर फायरिंग चालू होतं. आमच्या भगूरला ते सवयीचं आहे, खिडकीची काच थरथरते, फळीवरचे स्टीलचे डबे वाजतात आणि कुणी मान वर करून बघतही नाही. शेजारचे सुभेदार काका चहाला आले होते, ते तोफखान्यातून रिटायर झालेले आणि मुलगा सध्या लेहकडे पोस्टिंगवर, आणि मी आठवडाभर ज्या माणसाबद्दल वाचत होतो त्याच्याबद्दल त्यांना सांगत बसलो.

कॉन्स्टंटिन पुलिकोव्स्की. १९४८ साली उस्सुरीस्कला जन्म, म्हणजे रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, तिथून चीनची बॉर्डर जवळच. रणगाड्यांच्या शाळेत शिकून तो ऑफिसर झाला आणि चढत चढत जनरलपर्यंत गेला. १९९४च्या डिसेंबरात रशियन फौज चेचन्यात, म्हणजे रशियातून फुटून निघू पाहणाऱ्या प्रांतात, घुसली आणि वर्षअखेरीला ग्रोझनी शहरावर जो हल्ला झाला त्यात एका ग्रुपची कमांड याच्याकडे होती. त्या हल्ल्यात अरुंद रस्त्यांवर रणगाडे अडकले, वरच्या मजल्यांवरून मारा झाला, रशियाची पोरं शेकड्यांनी गेली. हे सगळं १९९५च्या जानेवारीतही चालूच होतं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा स्वतःचा मुलगा अलेक्सेई, फौजेत कॅप्टन, चेचन्यातच मारला गेला.

मी हे सांगितलं तेव्हा काकांनी कप खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "बाप त्यानंतरही तिथंच राहिला?" राहिला. आणि माझा जीव सगळ्यात जास्त अडकलाय तो इथेच.

कारण पुढच्या ऑगस्टमध्ये चेचन लढवय्यांनी ग्रोझनी परत घेतलं, रशियन तुकड्या शहरात घेरल्या गेल्या, मुख्य कमांडर रजेवर आणि सगळी सूत्रं पुलिकोव्स्कीच्या हातात. १९ ऑगस्ट १९९६ला त्याने जाहीर केलं की लोकांनी ४८ तासांत शहर सोडावं, त्यानंतर विमानं आणि तोफा दोन्ही वापरणार. लोक गाठोडी घेऊन पळत सुटले. शेवटी अलेक्झांडर लेबेद, तोही माजी जनरलच आणि तेव्हा रशियाच्या सुरक्षा परिषदेचा सचिव, मॉस्कोहून आला, त्याने ते अल्टिमेटम रद्द करायला लावलं आणि ३१ ऑगस्टला खासाव्युर्तमध्ये करार होऊन लढाई थांबली.

काका म्हणाले, "अरे, आम्ही रेंजवर सराव करायचो तर आधी आजूबाजूच्या गावांत दवंडी द्यायची, लाल झेंडे लावायचे, एखादा गुराखी आत राहिला तरी फायरिंग थांबायचं. भरल्या शहरातली म्हातारी माणसं ४८ तासांत कुठं जाणार?" मला तरी यावर काही उत्तर सापडलं नाही. मुलगा गेलेल्या बापाचं दुःख मला कळतं, अगदी आतून कळतं, पण ते अल्टिमेटम चूकच होतं असं मी म्हणेन आणि त्याच्या तोंडावरही म्हणेन.

१९९८ला तो फौजेतून बाहेर पडला. २०००च्या निवडणुकीत क्रास्नोदार भागात त्याने पुतिनच्या प्रचाराचं काम बघितलं आणि मे महिन्यात पुतिनने देशाचे सात मोठे विभाग पाडून प्रत्येकावर आपला एक प्रतिनिधी बसवला त्यात अतिपूर्वेचा विभाग याला मिळाला, ऑफिस खाबारोव्स्कला. सातपैकी पाच जण फौज, पोलीस नाहीतर गुप्तहेर खात्यातले होते. आपल्या नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तांकडे पाच जिल्हे असतात ना, तसं काहीसं समजा, फक्त याच्याकडे दहा प्रांत, सगळा भारत जवळपास दोनदा मावेल एवढी जमीन आणि प्रत्येक प्रांताच्या गव्हर्नरला मॉस्कोच्या लाइनवर आणायचं काम. पण हाताखाली ना फौज ना स्वतःचं बजेट, आणि निवडून आलेले गव्हर्नर काय सॅल्यूट ठोकतात होय?

पहिल्याच हिवाळ्यात परीक्षा झाली. व्लादिवोस्तोकच्या प्रिमोर्ये प्रांतात इंधन संपलं, बॉयलर बंद पडले, बाहेर कडाक्याची थंडी आणि लोक घरात कोट-टोप्या घालून झोपतायत. गव्हर्नर नाझद्रातेन्कोशी पुलिकोव्स्कीचं आधीपासूनच वाकडं होतं, फेब्रुवारी २००१ला त्या गव्हर्नरला जावं लागलं. जावं लागलं म्हणजे काय, तर थोड्याच दिवसांत त्याला मॉस्कोत मत्स्यव्यवसाय खात्याचा प्रमुख केला! थंडीत कुडकुडलेल्या लोकांना काय वाटलं असेल. मग निवडणूक लागली, पुलिकोव्स्कीने आपलाच डेप्युटी उभा केला, आणि लोकांनी त्याला पहिल्या फेरीत तिसऱ्या नंबरवर ठेवलं, दुसऱ्या नंबरचा उमेदवार बाद झाला म्हणून तो दुसऱ्या फेरीत गेला आणि तिथेही हरला, निवडून आला सर्गेई दारकिन. काका लगेच म्हणाले, "फौजेत ऑर्डर दिली की काम होतं, बाहेर आलं की हात जोडावे लागतात, मलाही ते कळायला दोन वर्षं गेली."

पण त्याच उन्हाळ्यात त्याने एक काम केलं ते मला फार इंटरेस्टिंग वाटतं. उत्तर कोरियाचा तेव्हाचा सर्वेसर्वा किम जोंग इल विमानात बसायचा नाही, तो आपल्या चिलखती ट्रेनने रशियात आला आणि पुलिकोव्स्की यजमान म्हणून त्याच्यासोबत मॉस्कोपर्यंत आणि परत, एकूण २४ दिवस. तो रोज त्या माणसासोबत जेवायचा, गप्पा मारायचा आणि सगळं लक्षात ठेवायचा. जिवंत लॉबस्टर मधल्या स्टेशनांवर पोचवले जायचे, फ्रेंच वाइन, चांदीच्या चॉपस्टिक्स, हे सगळं त्याने नंतर पुस्तकात लिहून काढलं आणि त्या बंदिस्त माणसाबद्दल जगाला बरंच जवळून काही कळलं. ऑर्डर सोडणाऱ्या माणसाने २४ दिवस नुसतं ऐकून घेतलं, माझ्या मते राजकीय प्रतिनिधी म्हणून त्याचं सगळ्यात चांगलं काम हेच.

नोव्हेंबर २००५ला त्याला तिथून काढलं आणि त्याच्या जागी कझानचा महापौर इस्खाकोव्ह आला. पुलिकोव्स्कीला खाणी, कारखाने, अणुभट्ट्या यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या खात्याचा प्रमुख केलं, तिथे तो २००८पर्यंत होता.

काकांनी काल मोबाइलवर त्या ट्रेनचा रस्ता बघायला मागितला. उत्तर कोरियातून खासानला बॉर्डर ओलांडली की रूळ वर जातात आणि मेन लाइनला लागून उस्सुरीस्कवरून पुढे खाबारोव्स्ककडे, म्हणजे किमची गाडी याच्या जन्मगावातूनच गेली. काकांनी तिथे बोट ठेवून झूम केलं, स्टेशन बघितलं, आणि मग स्वतःच लेह टाइप केलं.